आधी तिला

१

धिंगरीला पाणी मारायचं म्हणजे ओतायचं नाही. पाठीला फवारणीचा पंप अडकवायचा, नोझल अगदी बारीक ठेवायचं आणि पिशव्यांच्या अंगावर नुसतं दंव पडल्यासारखं करायचं. सकाळी साडेसहाला एकदा, अकराला एकदा, चारला एकदा. खोली पूर्वी केळी पिकवायची होती, म्हणून तिला खिडकी नाही. वर लोखंडी पाईप आहेत, त्यांना सुतळीने प्लॅस्टिकच्या पिशव्या टांगलेल्या. पिशवीत उकळून निथळलेला गव्हाचा भुसा आणि केळीची वाळलेली पानं, त्यात धिंगरीचं बियाणं. पंधरा-वीस दिवसांत आतलं सगळं पांढरं होतं आणि मग भोकांमधून धिंगऱ्या बाहेर येतात. बाहेरच्या लोकांसाठी मशरूम. आमच्याकडे रावेरला सगळे धिंगरीच म्हणतात.

हे सगळं तिने बसवलेलं. पाईप तिने टाकून घेतले, उकळायचा ड्रम तिने आणला आणि दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने सूचनाही तिनेच लिहिल्या. शाळेतल्या बाईंसारखं ठसठशीत अक्षर.

चपला बाहेर.
हात साबणाने.
खोकला असल्यास येऊ नये.
धिंगरी म्हणजे फळ. झाड आत आहे.

ती म्हणजे रत्ना, माझ्या नवऱ्याची पहिली बायको. तापाचं निमित्त झालं आणि जळगावच्या दवाखान्यात आठ दिवसांत गेली. त्याला पावणेतीन वर्षं झाली. मला या घरात येऊन चौदा महिने झालेत. मी तिच्यावर जळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला शोधत बसायला नको. मेलेल्या बाईवर जळणं शोभत नाही म्हणतात. पण जिवंत सवतीशी निदान कडाकडा भांडता येतं, तिची भांडी आदळता येतात. हिची भांडी आदळली तर अक्का म्हणतात, "हळू व माय, रत्नाची परात हाये ती."

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, बेबाबाई. मन वाईट नाही त्यांचं. पण घरातल्या प्रत्येक वस्तूला एक मालकीण आहे आणि ती मी नाही, एवढं त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच शिकवलं.

२

दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात आमच्याकडे पहिलीचा टाक घालतात. चांदीचा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर बाईचा ठसा. काळ्या दोऱ्यात ओवलेला तो मंगळसूत्राच्या खालीच असतो. नवीन साडी घ्या, बांगडी घ्या, गोडाचा घास घ्या, आधी टाकाला लावायचं आणि मग आपण. माझ्या लग्नाचा शालूसुद्धा आधी तिला लावला. "आधी तिले," अक्का म्हणाल्या, आणि मी जामनेरच्या आमच्या सगळ्या माणसांसमोर मान वाकवली. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी लग्न जमलेल्या बाईने नखरे करायचे नसतात, हे माझ्या दोन्ही भावांनी आधीच समजावलं होतं.

बरं, तेही चाललं असतं. नवरा माझा असता तर मी टाकाला रोज दुधाने अंघोळ घातली असती.

हितेंद्र चांगला माणूस आहे. दारू नाही, पत्ते नाहीत, आवाज चढवत नाही. पहाटे केळीच्या कापणीवर जातो, ट्रक भरून देतो, दुपारी एकला घरी येतो, जेवतो आणि तीनपर्यंत झोपतो. आमची झोपायची खोली धिंगरीच्या खोलीला लागून आहे, मधे एकच भिंत. पलंग त्या भिंतीला चिकटवलेला. तो भिंतीकडच्या बाजूला झोपतो, भिंतीकडे तोंड करून. चौदा महिन्यांत मी त्याची पाठ इतकी पाहिली आहे की बनियनच्या शिवणी पाठ झाल्या आहेत.

माझ्याशी तो बोलतो, नाही असं नाही. मीठ, मोटार, लाईट कधी येणार. मला नावाने हाक मारत नाही, नुसतं "अगं" म्हणतो. मी मात्र मोरीत भांडी घासताना कान देऊन असायची, कारण जेवून आडवा झाला की आत तो पुटपुटायचा. शब्द कळत नसत. कधी लांबलचक, कधी थांबून थांबून, जसं समोरच्याचं ऐकून उत्तर द्यावं तसं. मला वाटलं फोन. एकदा पदराला हात पुसत आत गेले तर फोन बाहेर ओट्यावर चार्जिंगला लावलेला होता. तो पाठ करून पडला होता आणि गप्प होता.

लोक झोपेत बोलतात. माझे वडीलही बोलायचे. मी परत येऊन कढई घासली.

३

धिंगरीच्या खोलीत, त्याच मधल्या भिंतीच्या कोपऱ्यात, एक पिशवी माळेत नाही. एकटी खिळ्याला टांगलेली आहे. इतर पिशव्या नव्या असताना पारदर्शक असतात, ही धुरकट झालेली. तिला कोणी पाणी मारत नाही. तरी दर पाच-सहा दिवसांनी तिच्यावर मोठाल्या धिंगऱ्या येतात, एकावर एक, फिकट करड्या.

त्या हितेंद्र स्वतः खुडतो. बुडाशी धरून हलकेच पिळायचं असतं, ओढायचं नसतं. तो त्या ओंजळीत आणून अक्कांना देतो आणि अक्का त्याच्यापुरती भाजी वेगळी करतात. माझ्या ताटात बाकीच्या पिशव्यांची.

आता पिशवीचा हिशेब सरळ आहे. तीन वेळा पीक येतं, फार तर चार. दीड-दोन महिन्यांत भुसा खाऊन संपतो, पिशवी हलकी होते आणि खड्ड्यात जाते. मी आले तेव्हापासून ही कोपऱ्यातलीच होती. चौदा महिने.

मी भिकुबाईला धरलं. भिकुबाई शिरपूरकडची, आमच्याकडे पिशव्या भरायला येते. रत्नाच्या वेळेपासून आहे.

"भिकुबाई, ही कोपऱ्यातली पिशवी तू बदलतेस ना मधून मधून?"

"नही, ताई."

"मग कोण? अक्का?"

"कोनीच नही." तिने भुशातून हात काढले नाहीत. "ती तिनीच शे. दवाखानामा जावाना आदला दिन भरेल."

"रत्नाने भरलेली? पावणेतीन वर्षं? खुळी आहेस का तू?"

"मी काय सांगू, ताई? तू तिले हात लावू नको, बस."

हात लावू नको म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मला खात्री झाली की ही आणि अक्का मिळून पिशवी बदलतात, रत्नाची आठवण म्हणून, आणि मला मूर्ख बनवतात. दुसरं काही असणं शक्यच नव्हतं. मी जाऊन पिशवी हाताने तोलून पाहिली. ती नव्या भरलेल्या पिशवीपेक्षा जड होती.

त्यात माझं नशीब असं की मी स्वतःच्या हाताने भरलेल्या पिशव्या टिकत नसत. भिकुबाईच्या टिकायच्या. माझ्या आठव्या दिवशी हिरव्या पडायच्या, आंबूस वास यायचा आणि खड्ड्यात जायच्या. साबणाने हात धुतले, डोक्याला फडकं बांधलं, तोंड बांधलं. तरी हिरव्याच.

"असू दे व," अक्का म्हणाल्या. "एखाद्याचा हात नही लागत. रत्नाचा लागायचा."

त्या दिवशी मी जेवले नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

४

मग मी ती गोष्ट केली.

घरचं दही नासलं की आपण काय करतो? वाटी घेऊन शेजारी जातो, चमचाभर विरजण आणतो आणि आपल्या दुधाला लावतो. सकाळी दही होतं ते आपलं होतं. दूध आपलं, भांडं आपलं, चूल आपली. कोणी म्हणत नाही की हे शेजारणीचं दही. माझ्या आईने उभा जन्म असंच दही लावलं. मी तोच हिशेब केला.

मकरसंक्रांतीनंतरचा मंगळवार होता. अक्का हळदीकुंकवाला गेल्या होत्या, भिकुबाई आली नव्हती. मी ब्लेडने कोपऱ्यातल्या पिशवीला मागून, भिंतीच्या बाजूने, बोटभर चीर दिली. आत दोन बोटं घातली. भुशाचा खरखरीतपणा लागेल असं वाटलं होतं, पण हाताला लागलं ते मऊ, थोडं चिवट आणि गरम. भुसा कुजताना गरम होतोच. मी मूठभर तोडून घेतलं. तुटताना आवाज आला, कापसाचं बोंड उकलताना येतो तेवढाच. तेवढं मी माझ्या सहा पिशव्यांत थराथरांत घातलं आणि चिरेवर चिकटपट्टी लावली.

नवव्या दिवशी पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. एक ठिपका हिरवा नाही. सतराव्या दिवशी फळं आली. आमच्या खोलीत कधी आल्या नव्हत्या एवढ्या मोठ्या आल्या, पंजाएवढ्या. मी हरखून नुसती बघत राहिले. जळगावात मेहरूणच्या हॉटेलवाल्याला नमुना पाठवला, त्याने परत फोन करून मागितल्या.

पहिल्या खुडणीची भाजी मी केली. नवं पीक आधी टाकाला लावायचं असतं. मी लावलं नाही. हे माझ्या हातचं आहे, हिला कशाला, म्हणून टाक ब्लाउजच्या आत सरकवून दिला.

हितेंद्रने घास घेतला आणि थांबला. माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाहिलं, चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

"तू केली?"

"पिशवीही मीच भरलेली."

"चांगली झाली," तो म्हणाला. आणि परत वाढून घेतली.

तेवढ्यावर मी चार दिवस तरंगत होते. खोटं कशाला बोलू, पाणी मारताना गाणं म्हणत होते. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की माझ्या सहाही पिशव्यांवरच्या धिंगऱ्या एकाच बाजूला येतात. भोकं मी चारी अंगांनी पाडली होती. तीन बाजू कोऱ्या आणि चौथ्या बाजूने सगळ्या धिंगऱ्या भिंतीकडे वाकलेल्या. फळ उजेडाकडे वळतं हे मला माहीत होतं. त्या भिंतीत उजेड नव्हता. मी पिशव्या सुतळीवर फिरवून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कोवळ्या धिंगऱ्या परत भिंतीकडेच.

हवा तिकडून येत असेल. कुठेतरी फट असेल.

५

खूश होऊन हितेंद्रनेच मला जळगावला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. मीही नवी साडी नेसून गेले. शिकवायला गिरधर सर म्हणून होते, बुटके, सतत खडू हातात. त्यांनी काचेच्या बशा आणल्या होत्या.

"हे बघा," ते म्हणाले. "धिंगरी आपण खुडतो, खातो, विकतो. पण ते तिचं शरीर नाही. शरीर म्हणजे हे तंतू. केसाहून कितीतरी बारीक. तंतू फक्त टोकाला वाढतो. पुढे जातो, फुटतो, परत फुटतो. तोंड नाही, पोट नाही. ज्याला भिडेल त्यातच उतरतो आणि बाहेरच्या बाहेर विरघळवून पिऊन टाकतो. लाकूड, भुसा, कागद, जे मिळेल ते."

मग त्यांनी दोन बशा पुढे केल्या. एकीत दोन वेगळ्या धिंगऱ्यांचे तुकडे दोन टोकांना लावलेले होते. दोन्ही वाढत मध्यापर्यंत आल्या होत्या आणि तिथे तपकिरी रेघ पडली होती, शेताच्या बांधासारखी. दुसऱ्या बशीत एकाच धिंगरीचे दोन तुकडे लावलेले. तिथे रेघ नव्हती. कुठून कुठे आले ते कळत नव्हतं.

"परकं भेटलं की थांबतात," सर म्हणाले. "आपलंच भेटलं की एकमेकांत शिरतात."

मी विचारलं. विचारायला नको होतं.

"सर, एका पिशवीतला तुकडा काढून दुसऱ्या घरी, दुसऱ्या बाईने लावला तर?"

"तर काय?"

"तर ती धिंगरी त्या दुसऱ्या बाईची ना?"

वर्गात दोघी-तिघी हसल्या. सर हसले नाहीत. "पीक तुमचं, बाई. पण धिंगरी दुसरी होत नाही. ती एकच आहे, दोन घरी राहते."

परतीच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली होती. भुसावळ कधी गेलं कळलं नाही. "चांगली झाली," तो म्हणाला होता. कोणाला म्हणाला होता ते मला आता कळत होतं. मी पुढच्या सीटची दांडी धरून बसले.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी हितेंद्र ट्रक भरायला गेला. अक्का अंगणात तूर पाखडत होत्या. मी विळा घेऊन खोलीत गेले आणि दार आतून लावून घेतलं. तिचं अक्षर माझ्या पाठीशी आलं.

पिशवी खिळ्यावरून काढायला गेले तर ती निघेना. सुतळी कापली तरी पडली नाही. भिंतीला धरून राहिली. मग मी पुढून, वरपासून खालपर्यंत, प्लॅस्टिक फाडलं.

आत भुसा नव्हता. एक काडी नव्हती, एक पान नव्हतं. पांढरं होतं नुसतं, गच्च, आणि त्याला बाहेरून घातल्यासारखी बारीक बारीक चुण्यांची कातडी. मी विळा घातला. ताज्या पनीरमध्ये जावा तसा गेला. पाणी आलं नाही, काही आलं नाही. वास मात्र आला आणि तो धिंगरीचा नव्हता. शिकेकाईने न्हायलेल्या ओल्या केसांचा होता. आमच्या घरात शिकेकाई कोणी वापरत नाही. मी शाम्पूची पुडी वापरते.

मी अर्धं कापून पाटीत टाकलं. मागचं अर्धं भिंतीतच होतं. जिथे मी चीर दिली होती, चिकटपट्टी लावली होती, तिथून दोऱ्यांचा एक जाड पेड निघून गिलाव्यात गेला होता. महिन्यापूर्वी मी बोटं घातली तेव्हा तो तिथे नव्हता, आणि तरी तो कालचा नव्हता. त्याच्याभोवतीचा चुना गुळगुळीत झाला होता, वर्षानुवर्षं दोर घासलेल्या विहिरीच्या काठासारखा.

भिंतीच्या त्या बाजूला आमची झोपायची खोली.

७

पलंग जड आहे, सागाचा. पायाने भिंतीला रेटा देऊन मी तो हातभर ओढला. दुपारचे साडेबारा झाले होते. दारातून ऊन आत येत होतं आणि सगळं स्वच्छ दिसत होतं.

त्याच्या उशीच्या उंचीला भिंतीवर एक धिंगरी उगवली होती. एकच. लहान, खालची पाळी जाडसर, कड आत वळलेली. तिचा रंग करडा नव्हता, गव्हाळ होता. पावसाळ्यात लाकडी चौकटींवर असलं काहीबाही उगवतं, ओल असते. मी हेच स्वतःला सांगत होते आणि सांगता सांगताच मला दिसलं की तो कान आहे.

खालच्या पाळीला, कुडीचं भोक असतं तिथे, भोक होतं.

मी जवळ गेले. किती जवळ ते सांगता येत नाही. माझा श्वास तिला लागला असावा, कारण ती किंचित हलली, आणि ऐकणारं माणूस पुढे झुकतं तशी पुढे आली.

बाहेर मोटरसायकलचा आवाज आला. मी पलंग रेटून जागेवर लावला, चादर ओढली, हात धुतले, ताट वाढलं. त्याने जेवण केलं. काही विचारलं नाही. जाऊन आडवा झाला. मी नेहमीसारखी मोरीत गेले, नळ सोडला आणि नळ तसाच वाहता ठेवून अनवाणी परत आले. दाराच्या पडद्याआड उभी राहिले. पहिल्यांदा शब्द कळले.

"आज माल चांगला निघाला," तो सांगत होता. "घड असे होते की दोघांले उचलायला लागत होते." मग थांबला. मग हसला. या माणसाला हसताना मी लग्नाच्या फोटोतसुद्धा पाहिलं नव्हतं. हसताना त्याचे खांदे हलत होते.

"हो ना," तो म्हणाला. परत थांबला. बराच वेळ. आवाज अगदी खाली आला. "फाडली का? लई दुखलं का तुले?... नको रागावू. जळते बिचारी."

मी पडद्याला धरून उभी होते. भीती वाटायला हवी होती. वाटली असेलही. पण मला खरं सांगायचंय, मला त्या क्षणी भीतीपेक्षा तो "बिचारी" लागला. आणि ते हसू. चौदा महिने मी या घरात पोळ्या लाटल्या आणि हा माणूस सगळा संसार भिंतीतल्या त्या चिमूटभर कानाला सांगत होता.

८

दुसऱ्या दिवशी तो कापणीला गेल्यावर मी पलंग ओढला आणि धिंगरी खुडली. ओढली नाही. बुडाशी धरून हलकेच पिळली, शिकवल्याप्रमाणे. ती सहज हातात आली. गरम होती.

कढईत चमचाभर तेल, मोहरी, लसूण, तिखट. लहानशीच होती, घासभर झाली. अक्का देवळात होत्या. मी टाक गळ्यातून काढून ओट्यावर पालथा ठेवला. आधी तिला नाही. ही वेळ माझी होती. मी चुलीपुढे बसून तो घास तोंडात घातला, चावला आणि गिळला.

माझा विचार पक्का होता, वेडी नव्हते मी. विरजण दुधात गेलं की दुधाचंच होतं. कान माझ्यात आला की माझा होणार. मग त्याला भिंतीशी बोलायचं कारण उरणार नाही.

टाक परत गळ्यात घातला. चव खारट होती. बाकी काही नाही.

भिंतीवर पुन्हा काही उगवलं नाही. खोलीतल्या पिशवीचं मागचं अर्धं दोन दिवसांत वाळून कागदासारखं गळून पडलं. भिकुबाईने ते झाडून खड्ड्यात टाकलं. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. संध्याकाळी हातपाय धुऊन गेली ती कामाला परत आली नाही. निरोप पाठवला की मुलीकडे काम आहे.

९

आठवड्याने अक्का माझी वेणी घालायला बसल्या. मी सांगितलं नव्हतं. त्यांनीच हाक मारली, पाटावर बसवलं, तेल लावलं. हात डाव्या कानाशी आला तेव्हा थबकला. मग त्यांनी माझ्या गळ्यातला टाकाचा काळा दोरा पकडला आणि दातांनी तोडला.

"अक्का, टाक?"

"आता कायले?" त्या म्हणाल्या. टाक पदराच्या गाठीला बांधला आणि वेणी घालत राहिल्या. त्यांचा आवाज इतका प्रेमळ होता की मला रडू आलं. एवढ्या प्रेमाने त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

आणि तो वळला. हेच तर सांगायचं होतं. आता दुपारी जेवून तो आडवा होतो आणि भिंतीकडे पाठ करतो. मला शेजारी बोलावतो. हात माझ्या केसांवर ठेवतो. जवळ सरकून, ओठ माझ्या डाव्या कानाला लावून, बोलतो. तासतासभर बोलतो. मधेच थांबतो, हसतो, परत बोलतो. त्याचा श्वास मला मानेवर लागतो, मिशी टोचते. ज्यासाठी मी एवढं केलं ते सगळं मला मिळालं आहे.

फक्त त्या कानाने मला ऐकू येत नाही.

रावेरला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बॅटरी लावून पाहिलं, मळ नाही म्हणाले, पडदा शाबूत आहे म्हणाले, ऐकू यायलाच हवं. उजव्याने मला सगळं ऐकू येतं, अंगणातल्या चिमण्यासुद्धा. डाव्याने काही नाही. तो त्याच कानात बोलतो. पहिल्या दिवशी मी मान वळवून उजवा कान पुढे केला. तो थांबला. त्याने माझी हनुवटी धरली, रागाने नाही, अगदी हळुवार, आणि माझं तोंड परत पहिल्यासारखं फिरवून ठेवलं.

काल तो खूप वेळ हसत होता. मला राहवलं नाही. माझा नवरा, माझा पलंग, माझा कान. मी वर छताकडे बघत विचारलं, "काय म्हणालात?"

"तुले नही म्हटलं," तो म्हणाला, आणि पुन्हा बोलू लागला.